एक्स्पोर्टला लावलं की कॉम्प्युटर बंद : ग्राफिक्स कार्ड बदलण्याआधी काय तपासायचं

प्रश्न मानवतहून आलाय. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग आणि अल्बम डिझाइन करणारे एक भाऊ आहेत. मशीन बाराव्या पिढीचं आय-५ (१२४००), १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० बारा जीबीचं कार्ड, विंडोज ११, काम प्रीमिअर प्रोवर. कार्ड नंतर टाकलं, पण एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) जुन्या मशीनचाच ठेवला, त्यावर ‘४५० वॅट’ लिहिलंय. एक्स्पोर्टला लावलं की मध्येच स्क्रीन काळी होते, कार्डाचे पंखे जोरात फिरायला लागतात आणि बटण दाबून धरल्याशिवाय मशीन बंद होत नाही. कधीकधी ते आपोआप रीस्टार्ट होतं. हिवाळ्यात त्रास नव्हता, एप्रिलपासून वाढला. दोनदा विंडोज मारून झाली. दुकानदार म्हणतो कार्ड गेलं, नवीन घ्या. आणि लग्नसराईचं काम डोक्यावर आहे.

भाऊ, कार्ड अजून घेऊ नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून माझा पहिला संशय एसएमपीएसवर आहे, दुसरा उष्णतेवर, आणि कार्डाचा नंबर त्यानंतर. इथं परभणीत ‘कार्ड गेलंय’ म्हणून माझ्याकडे जी मशीनं येतात, त्यातली बरीच कार्डं दुसऱ्या मशीनला लावली की दिवसभर बिनतक्रार चालतात. मशीनमध्ये सगळ्यात जास्त वीज खाणारं आणि सगळ्यात जास्त तापणारं अंग हेच. वीज कमी पडली, हवा कमी पडली, तर आधी तेच बसतं आणि आळ त्याच्यावरच येतो.

सुरुवात करायची ती मशीन नेमकं कसं बंद पडतं इथून. स्क्रीन क्षणभर जाऊन परत आली आणि फक्त प्रीमिअर बंद पडलं, तर ड्रायव्हर अडकला होता आणि विंडोजनं तो पुन्हा सुरू केला. कार्डाला उत्तर द्यायला विंडोज दोन सेकंद देतं. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर ते ड्रायव्हर रीसेट करतं. ही सोय विस्टापासून आहे. रीसेट साधला तर काम पुढं चालतं, नाही साधला तर निळी स्क्रीन येते आणि तिच्यावर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असं लिहिलेलं असतं. चित्रावर रंगीत ठिपके, चौकडी किंवा उभ्या रेषा दिसत असतील तर कार्डाच्या मेमरीकडे बघायचं. तशाच रेषा मशीन सुरू होताना, विंडोज येण्याआधी कंपनीचा लोगो दिसतो तेव्हाही असतील, तर ड्रायव्हरचा विषय तिथंच संपला. प्लग उपटल्यासारखं सगळं एकदम बंद होत असेल, तर ते विजेचं दुखणं.

तुमचं मुख्य लक्षण मात्र वेगळं आहे : स्क्रीन काळी आणि पंखे फुल. याचा अर्थ कार्डाचा मदरबोर्डशी संपर्कच तुटलाय. त्याला सांगणारं कुणी राहिलेलं नसतं, म्हणून ते पंखे पूर्ण वेगानं सोडतं. पुढच्या वेळी असं झालं की लगेच बटण दाबू नका. आधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागतोय-विझतोय, मागं गाणं वाजत असेल तर तेही चालूच आहे, तर बाकीचं मशीन जिवंत आहे आणि फक्त कार्ड खाली पडलंय. दिवासुद्धा हलत नसेल तर सगळंच गोठलंय. या दोन्हींची कारणं वेगळी निघू शकतात, म्हणून वेळेसकट वहीत लिहून ठेवा : किती वाजता, एक्स्पोर्ट किती टक्क्यांवर, कुलर चालू होता का, लाइट होती की इन्व्हर्टर.

मशीनसुद्धा स्वतःची वही ठेवतं. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की रिलायबिलिटी हिस्टरीचं पान उघडतं. तारखेखाली लाल फुली असते, तिच्यावर क्लिक करा. ‘लाइव्ह कर्नल इव्हेंट’ आणि कोड १४१ किंवा ११७ दिसला तर कार्ड किंवा ड्रायव्हर अडकल्याची ती नोंद आहे. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडा आणि विंडोज लॉग्समध्ये सिस्टम बघा. तिथं ‘डिस्प्ले’ ४१०१ म्हणजे ड्रायव्हर थांबला आणि परत सुरू झाला. ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ असं दिसलं तर तक्रार हार्डवेअरनं केलीय, विंडोजनं नव्हे, आणि तेव्हा पुन्हा फॉरमॅट मारण्यात अर्थ नाही. ‘कर्नल-पॉवर’ ४१ बघून लोक फार घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं. बटण दाबून धरलं तरी ती नोंद पडते. पण त्याच्या तपशिलात बगचेक कोड (निळ्या स्क्रीनच्या एररचा नंबर) शून्य असेल, आणि तुम्ही बटणाला हात लावला नव्हता, तर विंडोजला रडायलाही वेळ न मिळता वीज गेली असं समजायचं. तुमच्या आपोआप रीस्टार्टच्या वेळी ही नोंद शोधा.

दोन सेकंदांची मुदत रजिस्ट्रीत जाऊन वाढवता येते, आणि काही जण पहिला उपाय म्हणून तेच सांगतात. एखादा इफेक्ट खरोखरच कार्डाला जास्त वेळ गुंतवून ठेवत असेल तर त्याचा उपयोग आहे. पण संपर्क तुटलेल्या कार्डाला दोनऐवजी साठ सेकंद दिले तर तुम्ही काळ्या स्क्रीनकडे साठ सेकंद बघत बसाल, बाकी काही बदलणार नाही.

ड्रायव्हरचं लवकर उरकतो, कारण दोनदा विंडोज मारूनही त्रास तोच, म्हणजे ड्रायव्हरची शक्यता कमी. तरी एकदा स्वच्छ करून घ्या. डीडीयू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. नेट काढून, सेफ मोडमध्ये जाऊन त्यानं जुना ड्रायव्हर मुळासकट काढायचा आणि एनव्हिडियाच्या स्वतःच्या साइटवरून स्टुडिओ ड्रायव्हर टाकायचा. गेम रेडी नको, तुमचं काम एडिटिंगचं आहे. पेनड्राइव्हवर फिरणारे ड्रायव्हरचे गठ्ठे टाकू नका. ज्यांच्याकडे जीटीएक्स १०५० टीआय किंवा १०६० सारखी पास्कल पिढीची कार्डं आहेत त्यांनी लक्षात ठेवावं, की २०२५ च्या ऑक्टोबरपासून त्यांना नेहमीचे नवे ड्रायव्हर मिळणं बंद झालंय आणि आता फक्त सुरक्षेपुरते येतील. तिथं चालणारा ड्रायव्हर जपून ठेवावा.

आता एसएमपीएस. इथं घाई करू नका, माझ्या अंदाजानं तुमचं उत्तर इथंच आहे.

कॅबिनेटची बाजू उघडा आणि एसएमपीएसच्या अंगावरची पट्टी वाचा. वर मोठ्या अक्षरात ‘४५०’ असेल, तिकडं बघू नका. खाली एक तक्ता असतो, त्यात ‘+१२ व्ही’ लिहिलेला रकाना शोधा आणि त्याखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. जुन्या स्वस्त डब्यांवर तिथं १८ सारखा आकडा सापडतो. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही याच १२ व्होल्टवर जगतात, बाकीचे वॅट त्यांच्या कामाचे नाहीत. आता खर्च मांडा. आरटीएक्स ३०६० चं कंपनीनं दिलेलं माप १७० वॅट. आय-५ १२४०० जोरात चालताना ११७ वॅटपर्यंत जातो. दोघांचे झाले २८७. मदरबोर्ड, डिस्क, पंखे अजून धरलेच नाहीत. आणि हे झालं संथ मोजमाप. कार्ड काही मिलिसेकंदांसाठी १७० च्या बरंच वर उसळी मारतं, ती उसळी चांगला एसएमपीएस पचवतो आणि कमजोर पचवू शकत नाही. ३०६० साठी एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते ते उगीच नाही.

अल्बम डिझाइन करताना मशीन का मरत नाही, याचंही उत्तर यात आहे. फोटोशॉपमध्ये पान लावताना दोघंही निवांत असतात. एक्स्पोर्टला मात्र फुटेज उलगडायचं काम प्रोसेसरवर आणि कलर, ट्रान्झिशन, स्केलिंग कार्डावर असं दोघं एकाच वेळी पळतात. म्हणूनच दुकानात कार्ड तपासताना नुसतं फरमार्क हे कार्डाची परीक्षा घेणारं सॉफ्टवेअर लावून ‘चालतंय की’ म्हणणं पुरेसं नसतं. फरमार्क कार्डाला एकसारखं राबवतं, प्रोसेसर रिकामाच राहतो. भार वर-खाली होणारं एक्स्पोर्टच खरी परीक्षा घेतं.

वायरीही बघा. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, सहा पिनी वायरीतून ७५, आठ पिनीतून १५०. जुन्या एसएमपीएसला आठ पिनी वायर नसली की कुणीतरी साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) पॉवर पिनेवरून कन्व्हर्टर लावून देतो. साटाच्या त्या पिनेची १२ व्होल्टवरची क्षमता साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट आहे. तिच्याकडून १५० मागायचे म्हणजे प्लास्टिक वितळवायचं काम. तुमच्या कार्डाला असा कन्व्हर्टर असेल तर आज मशीन सुरूच करू नका. पीन काढून बघा : प्लास्टिक पिवळट-तपकिरी झालंय का, धातूची टोकं काळी पडलीत का, जळका वास येतो का. पीन परत बसवताना ‘टक’ असा आवाज येईपर्यंत आत गेली पाहिजे. नुसती टेकलेली पीन अशाच काळ्या स्क्रीन देते.

मल्टिमीटर असेल तर मोकळ्या जुन्या चौकोनी पिनेत पिवळ्या आणि काळ्या वायरीवर लावा आणि एक्स्पोर्ट सुरू करा. ११.४ ते १२.६ ही मान्य हद्द आहे. रिकाम्या वेळी १२.१ दाखवणारा एसएमपीएस भाराखाली ११.५ वर घसरताना दिसला, तर तो शेवटच्या घटका मोजतोय. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा व्होल्टेजचा आकडा कार्डाचा असो की बोर्डाचा, तो अंदाजापुरताच घ्या. आणि मीटर शांत दिसलं म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण मिलिसेकंदांची खोच साध्या मीटरला दिसतच नाही. खरा निकाल दुसरा चांगला एसएमपीएस लावूनच लागतो. शेजारच्या मित्राच्या मशीनचा ५५०-६५० चा ब्रँडेड एसएमपीएस एका संध्याकाळपुरता मागून आणा.

एसएमपीएसच्या मागे भिंत आहे, तीही तपासायची. आपल्याकडे शेतीपंपाची लाइन आली की गावातल्या व्होल्टेजवर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पट्टीवर इनपुटही लिहिलेलं असतं. ‘१००–२४०’ असेल तर १८० पर्यंत पडलेल्या व्होल्टेजवरही तो तग धरतो. ‘२००–२४०’ असेल तर तिथं तो लटपटतो. मशीन ज्या वेळी बंद पडतं त्या वेळी सॉकेटमधला व्होल्टेज मोजा, दुपारी सवडीनं नको. ज्या एक्स्टेंशन बोर्डावर कुलर आणि इस्त्री आहे त्याच बोर्डावर मशीन ठेवू नका.

इन्व्हर्टरचं तर स्वतंत्र सांगावं लागेल. आपल्याकडे बऱ्याच घरांत-दुकानांत जुने स्क्वेअर वेव्हचे इन्व्हर्टर आहेत. पंखा, बल्ब, टीव्ही त्यावर चालतो, पण ॲक्टिव्ह पीएफसीच्या (लाइनमधून वीज नीट लहरीत ओढणारी सोय असलेल्या) एसएमपीएसला ती लहर मानवत नाही. त्यात लाइट जाऊन इन्व्हर्टर पकडेपर्यंतची खोच असते, आणि भाराखालचं मशीन तेवढ्यात पडतं. बऱ्याच इन्व्हर्टरला मागे किंवा पुढे यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू करा, बदल लवकर होतो. तपासणी चालू आहे तोवर मशीन इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढून सरळ लाइनवर घ्या. पुढे इन्व्हर्टर बदलायचा झाला तर प्युअर साइन वेव्हचाच घ्या.

अर्थिंग विसरू नका. काळ्या रानात उन्हाळ्यात जमीन भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला हात लावला की बोटाला झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग जागेवर नाही. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर लावा. दोन-तीन व्होल्टपर्यंत चालेल, त्याहून बरंच जास्त असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. खड्ड्यात पाणी घालून फरक पडतो का हेही बघता येतं. अर्थिंग नसताना चालू मशीनची एचडीएमआय वायर काढ-घाल करू नका, विशेषतः मोठ्या टीव्हीला जोडून पार्टीला व्हिडिओ दाखवताना. एचडीएमआयचं पोर्ट अशानंच जातं, आणि ते दुखणं कार्डाचं म्हणून गणलं जातं.

आता उष्णता. तुमचा त्रास एप्रिलपासून वाढला, यात मला दोन गोष्टी एकत्र दिसतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळिशी ओलांडतो हे एक. दुसरी तुमच्या गावची. मानवत-सेलूकडची मशीनं उघडली की आत साधी धूळ नसते, कापसाचे तंतू असतात. हिवाळाभर जिनिंग चालतं, हवेत उडणारा तो बारीक कापूस पंखा आत ओढतो आणि पंख्याच्या मागे, ॲल्युमिनिअमच्या पात्यांच्या तोंडावर तो नमद्यासारखा बसतो. वरून बघितलं तर कार्ड स्वच्छ दिसतं, कारण पंखा त्याला झाकून ठेवतो. पंख्याच्या पात्यांमधून बॅटरीचा उजेड तिरका टाका. मागे पाती चकाकताना दिसली तर ठीक. करडा थर दिसला, तर पंखा कितीही जोरात फिरला तरी हवा आत जातच नाहीये.

साफ करताना मशीन बंद, प्लग काढलेला, कार्ड स्लॉटमधून बाहेर. स्लॉटच्या टोकाला खटका असतो तो दाबून मग ओढा, हिसडा देऊ नका. पंख्याचं पातं एका बोटानं धरून ठेवा आणि मग ब्लोअर मारा. ब्लोअरनं पंखा भन्नाट फिरू दिला तर बेअरिंग जातं. नमदा घट्ट असेल तर ब्लोअरनं निघत नाही, उलट आत दाबला जातो. मऊ ब्रश आणि चिमट्यानं तो पापुद्र्यासारखा उचलून काढावा लागतो, एका सलग तुकड्यात निघाला की काम झालं. घरातला व्हॅक्युम क्लीनर कार्डाला लावू नका, स्टॅटिक तयार होते. परत बसवण्याआधी सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, आणि कार्ड जड असेल तर खालून टेकू द्या, लोंबकळणारं कार्ड स्लॉटमध्ये तिरकं होतं.

मग आकडे बघा. एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड उघडून एक्स्पोर्टच्या वेळी कार्डाचं तापमान, हॉट स्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) आणि पंख्याचा वेग बघा. एक हिशोब लक्षात ठेवा : भार तोच आणि पंखा तेवढाच असेल तर खोली जेवढ्या अंशांनी तापते साधारण तेवढ्याच अंशांनी कार्ड तापतं. डिसेंबरात खोली २५ आणि कार्ड ७२ असेल, तर पत्र्याखालच्या ४२ अंशांच्या खोलीत तेच कार्ड ८९ कडे निघतं. ३०६० ची कंपनीनं दिलेली कमाल मर्यादा ९३ आहे. त्याच्या आधीच कार्ड स्वतःचा वेग कमी करायला लागतं, म्हणजे उष्णतेनं आधी काम मंदावतं आणि मग बंद पडतं. काम न मंदावता ७० अंशांवरच बंद पडत असेल, तर उष्णता सोडा आणि विजेकडे या. कार्ड ७५ आणि हॉट स्पॉट १०५, असं मोठं अंतर दिसलं तर आतली पेस्ट वाळली आहे. ती बदलताना मेमरीवरचे पॅड आधी होते त्याच जाडीचे बसवावे लागतात. जाड पॅड बसला तर हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही आणि आधीपेक्षा वाईट अवस्था होते. हे काम हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्या. कुलरचं तोंड मशीनकडे करू नका. ओलसर हवेत धूळ आणि कापूस गाऱ्यासारखा चिकटतो आणि पुढच्या वेळी ब्रशनंही निघत नाही.

आज रात्रीच, एक रुपया खर्च न करता करायचा प्रयोग असा. एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्डाची सेटिंग बदलणारं सॉफ्टवेअर टाका आणि पॉवर लिमिट १०० वरून ७० वर आणा. १७० वॅटचं कार्ड ११९ वर येईल. एक्स्पोर्टला वेळ थोडा जास्त लागेल. जो प्रोजेक्ट हमखास बंद पडतो तोच लावा. तो पूर्ण झाला, तर कार्ड काम करू शकतं आणि भांडण वीज किंवा उष्णतेचं आहे एवढं नक्की झालं. मग लिमिट परत १०० वर न्या, कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून टेबलफॅन आत सोडा आणि पुन्हा लावा. आता चाललं तर उष्णता. तापमान साठीत असूनही बंद पडलं तर एसएमपीएस. लिमिट ७० वर असतानाही बंद पडलं, तर आफ्टरबर्नरमध्येच मेमरी क्लॉक ५०० नं खाली ओढून बघा. त्यानं फरक पडला तर कार्डाची मेमरी कमजोर झालीय. एका वेळी एकच गोष्ट बदला. एसएमपीएस, ड्रायव्हर आणि पेस्ट एकाच दिवशी बदलून मशीन चालू झालं तर कशानं झालं ते कधीच कळत नाही, आणि तीन महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

कार्ड पूर्ण बाजूला ठेवूनही तपासता येतं. प्रीमिअरच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये मर्क्युरी प्लेबॅक इंजिन ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ करा, एक्स्पोर्टमध्ये हार्डवेअर एन्कोडिंग काढून सॉफ्टवेअर निवडा, आणि छोटा तुकडा लावा. तरीही मशीन पडत असेल तर कार्डाचा संबंध कमी, मग रॅम बघा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम वाढीव वेगानं पळवणारी सोय, चालू असेल तर बंद करा आणि रात्रभर मेमटेस्ट८६ लावून ठेवा. त्यात एकही एरर आली तरी ती रॅम कामाची नाही.

प्रोसेसरचा एक प्रकार इतर वाचकांसाठी सांगायला हवा, तुमच्या बाराव्या पिढीला तो लागू नाही. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरमध्ये आतला व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त जाऊन ते कायमचे अस्थिर होत होते. गंमत अशी की गेममध्ये एरर यायची ती ‘व्हिडिओ मेमरी संपली’ अशी, आणि लोक ग्राफिक्स कार्ड बदलत बसले. इंटेलनं २०२४ मध्ये बायोसमधून जाणारी दुरुस्ती दिली आणि त्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तसं मशीन असेल तर आधी बायोस अपडेट करा. पण आधीच बिघडलेला प्रोसेसर अपडेटनं सुधारत नाही, तो वॉरंटीतच द्यावा लागतो.

एवढं करून कार्डच दोषी निघालं तर? डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३, लोगोवरच रेषा, दुसऱ्या चांगल्या मशीनमध्येही तोच प्रकार, ही पक्की लक्षणं. बिल शोधा, वॉरंटी बघा, कार्डावरचा सिरियल नंबरचा स्टिकर काढलेला नसावा. वॉरंटी नसेल तर चिप-लेव्हल काम करणाऱ्याला दाखवा. मेमरीची एखादी चिप किंवा पॉवरचा भाग बदलून कार्ड खरोखर दुरुस्त होतं. पण ‘हीटगन मारून चालू करून देतो’ म्हणणाऱ्याकडे देऊ नका. तापवल्यानं चिपखालचा तुटलेला संपर्क काही दिवस टेकतो, मग पुन्हा सुटतो, आणि तुमचे पैसे तिथंच जातात.

सेकंडहँड घ्यायचं मनात असेल तर सावध राहा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस तापलेली कार्डं ढिगानं बाजारात आली. त्यातली सगळी खराब नसतात, पण त्यांच्या पंख्याचे आणि मेमरीचे दिवस सरलेले असतात. स्वस्तातलं आरएक्स ५८० घेताना ‘२०४८ एसपी’ लिहिलंय का बघा, तो खऱ्या ५८० पेक्षा खालचा माल आहे. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली कार्डंही मिळतात. ती जीपीयू-झेडमध्ये उघडली की बहुतेक वेळा नावाच्या पुढे ‘फेक’ असं दिसतं. पैसे देण्याआधी तुमचाच प्रोजेक्ट त्या कार्डावर अर्धा तास एक्स्पोर्टला लावून बघा. विकणारा नाही म्हणाला तर उठून या.

तुमच्यापुरता क्रम असा ठेवा : आज पॉवर लिमिट ७०, उद्या सकाळी उन्हाच्या आधी कार्डाची सफाई आणि पिना, परवा मागून आणलेला एसएमपीएस. एसएमपीएसवर निकाल लागला तर ५५० ते ६५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ किंवा वरचा, १२ व्होल्टवर ४० च्या वर अँपिअर लिहिलेला आणि स्वतःची आठ पिनी वायर असलेला घ्या. कार्डाच्या किमतीच्या मानानं तो फार कमी पैशात येतो. तोवर लग्नाची कामं थांबवायची गरज नाही. लिमिट ७० वरच राहू द्या, हळद, लग्न, रिसेप्शन असे तुकडे वेगवेगळे एक्स्पोर्ट करा आणि शेवटी जोडा, म्हणजे मशीन पडलं तरी एकच तुकडा पुन्हा लावावा लागेल. मोठे एक्स्पोर्ट दुपारी लावू नका, रात्री दहानंतर लावा. ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर घ्या आणि प्रोजेक्टची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर ठेवा, कारण अशा झटक्यांनी कार्डाआधी डिस्कवरची फाइल खराब होते.

तीन गोष्टी मला पाठवा : एसएमपीएसच्या पट्टीचा फोटो, रिलायबिलिटी हिस्टरीतल्या लाल फुलीखालची ओळ, आणि मशीन पडण्याआधीचं कार्डाचं तापमान. त्यावरून पुढचं सांगतो.